घडीच्या सायकलीचा चालू खर्च

मागच्या खेपेला तुम्ही दोघांनी अंगणात गोल गोल फिरवून जास्वंदीची कुंडी फोडलीत, ती घडीची सायकल अजून आमच्याकडेच आहे. तुमच्या बाबांनी पुण्याच्या नोकरीत असताना ती घेतली होती. परदेशी जाताना विकायला सवड झाली नाही, म्हणून नांदुऱ्याला आणून ठेवली. चाकं लहान आणि दांड्याच्या मधोमध बिजागरी. बिजागरीवरची कडी सोडली की सायकल दुमडते आणि सतरंजीच्या गुंडाळीएवढ्या जागेत राहते. उघडल्यावर ती कडी दांड्यावर घट्ट दाबून बसवायची आणि तिच्यावरचा छोटा खटका पाडायचा. खटका पडला नाही तर सायकल चालताना मधोमध मिटू शकते. पुढे जे लिहिणार आहे त्यासाठी एवढं लक्षात ठेवा.

आता ती सायकल तुमचे आजोबा चालवतात. हे तुमच्या आईनं सांगितलं असेलच. तिनं ते ज्या सुरात सांगितलं असेल तो सूरही मला माहीत आहे, म्हणून मी, तुमची आजी, माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

आजोबांना कंपवात आहे. उजवा हात थरथरतो हे तुम्ही व्हिडिओवर पाहता. जे दिसत नाही ते असं, की चालता चालता त्यांचे पाय मधेच जमिनीला चिकटतात. दारातून बाहेर पडताना, वळताना, आणि चार माणसं बघत असली तर हमखास. डोकं चल म्हणतं, पाय हलत नाहीत. ते तसेच उभे राहतात आणि काहीतरी आठवत असल्यासारखा चेहरा करतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की माणूस विचार करतोय. सायकलवर बसले की मात्र तेच पाय सुरळीत फिरतात. मला आधी खरं वाटेना. अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या आजारात असं दिसतं; चालणं अडतं पण पॅडल मारणं बऱ्याचदा अडत नाही. मोकळा रस्ता असावा, घाई नको, चढताना-उतरताना सांभाळा, असं त्यांनी बजावलं. साध्या सायकलवरून टांग टाकणं आजोबांना जमत नव्हतं. या सायकलचा दांडा गुडघ्याच्या खाली आहे, तेव्हा तिच्यावर बसणं जमलं. दोन वर्षं घरात बसलेला माणूस कोपऱ्यावरून स्वतः कोथिंबीर घेऊन आला. तीही शिळी आणली, पण मी काही बोलले नाही.

मग मी त्या सायकलच्या मागे लागले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. वहीला समास नसला तर मला चैन पडत नसे, तशीच आता सायकलच्या बाबतीत झाले. मूळचे टायर बारीक होते आणि आपल्याकडच्या उन्हानं त्यांना भेगा पडल्या होत्या. लहान मुलांच्या सायकलचा जाड टायर त्याच मापाचा निघाला, तो बसवला. उजव्या हाताच्या थरथरीनं पुढचा ब्रेक नको तेव्हा लागायचा, म्हणून डाव्या मुठीतल्या एकाच दांडीला दोन्ही ब्रेकच्या वायरी जोडून घेतल्या. सीट रुंद बसवली. अंगठ्यानं फिरवायची घंटी त्यांना वाजवता येईना, म्हणून रबरी फुग्याचा भोंगा लावला. तो वाजला की गल्लीतल्या शेळ्या पळतात आणि आजोबा खूश होतात. किती अंतर झालं ते दाखवणारं छोटं मीटरही लावलं.

हिशेबाची शीट तुमच्यातल्या मोठीनं मला व्हिडिओवर शिकवली, ते तिला आठवत असेल. सुधारणेचा खर्च एका रकान्यात, चालू खर्च दुसऱ्यात, म्हणजे पंक्चर, हवा, तेल, ब्रेकची रबरं. शेवटी किलोमीटरमागे किती पडलं ते आपोआप निघतं. सुरुवातीला तो आकडा ऑटोच्या भाड्याच्या कितीतरी वर होता, कारण खर्च सगळा झालेला आणि अंतर काहीच नाही. आजोबा जितके फिरतील तितका तो खाली येणार. एरवी काळजीनं जीव खाणारी मी संध्याकाळी मीटर बघून म्हणू लागले, "आज एवढंच?"

"मले फिराले पाठवते का आकडा खाली आनाले?" ते विचारायचे. तुमच्या आजोबांनी सगळी नोकरी इथल्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात काढली. बोलणं अजून तिथलंच आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवणीचा त्यावर काडीचाही परिणाम झालेला नाही.

श्रावणात ते पडले. गल्लीतल्या एका बाईंनी मागून प्रेमानं हाक मारली, "काका, बरे हाय ना?" उत्तर द्यायला त्यांनी मान वळवली, मानेबरोबर हँडल वळलं आणि ते नालीच्या कडेला आपटले. कोपर सोललं. हाड वाचलं. ड्रेसिंगचा खर्च मी चालू खर्चात लिहिला तर ते रागावले. "तो माह्यावर हाय. सायकलवर काऊन टाकते? तिनं काय केलं?"

रविवारी तुमच्या आईनं फोनवर पट्टी पाहिली. ती आरडाओरडा करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शांतपणे म्हणाली, "आई, आणखी एकदा जरी पडले तरी सायकल विकायची. मग मी सोबतीला माणूस ठेवते. बाबांनी एकट्यानं दाराबाहेर जायचं नाही. मला इथून पळत येता येत नाही." तिचं चूक नव्हतं. आजोबा शेजारीच बसले होते. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "म्हंजे वासरू बांधते तसं."

तेव्हापासून प्रत्येक फेरी परीक्षेसारखी झाली. मान वळवायला लागू नये म्हणून आरसा लावला. गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, काका सायकलवर असले की मागून हाक मारू नका. फोनही करायचा नाही, कारण खिशात हात घालायला गेले की तोल जाईल. सायकल ते स्वतः उघडायचे. ते काम मी हातात घ्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण निघण्याआधी मी खटक्यावर अंगठा दाबून बघायची.

"मास्तरीन पेपर तपासून राह्यली," म्हणायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे.

दसऱ्याचं आता सांगते.

सकाळी देवापुढच्या ओट्यावर मी घरातली हत्यारं मांडली. कात्री, विळी, शिवणाचं मशीन, आजोबांचे पाने-पक्कड, माझं जुनं लाल शाईचं पेन. सायकल रोज रात्री दुमडूनच आत ठेवतो, तशीच ती रांगेत शेवटी बसवली. दुमडलेली असल्यामुळे रांग अगदी नीट दिसत होती. प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू, फूल आणि लाल-पिवळा धागा. धागे बांधायचं काम आजोबांचं. हात थरथरत होता, वेळ लागत होता, पण मी मधे पडले नाही. दुमडलेल्या सायकलला धागा बांधायला बाहेर आलेलं असं एकच टोक असतं, ते म्हणजे बिजागरीची उघडी कडी. त्यांनी धागा तिच्याभोवती चांगला पाच-सहा वेढे देऊन बांधला आणि एक झेंडू खोचला. मी समोर बसून ते पाहिलं. माझ्या मनात काही आलं नाही.

त्या दिवशी त्यांना एकाच ठिकाणी जायचं होतं. जिनिंगमधले त्यांचे जोडीदार, त्यांच्याहून वयानं मोठे, रेल्वेलाइनच्या पलीकडे राहतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते अंथरुणावर आहेत. दर दसऱ्याला संध्याकाळी आजोबा त्यांच्याकडे सोनं द्यायला जात. आपट्याचं पान हातावर ठेवायचं, पाया पडायचं, चहा प्यायचा. दोन वर्षं ते झालं नव्हतं. मी आठवडाभर म्हणत होते, ऑटोनं जाऊ. ते नुसतं हुं म्हणत होते.

चारच्या सुमाराला शेजारच्या बायका आल्या. त्यांना फराळाचं देऊन मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खालून भोंगा वाजला. कठड्यावरून वाकून पाहिलं तर आजोबा सायकलवर अगदी माझ्या खालून चालले होते. डोक्याला टोपी, हँडलला आपट्याच्या पानांची पिशवी. आणि दांड्याच्या मधोमध ती कडी कोपरासारखी बाहेर आलेली, तिच्यावर लाल-पिवळा धागा आणि झेंडूचं फूल.

माझ्या तोंडापर्यंत हाक आली होती. ती मी तशीच गिळली.

काय झालं असेल ते तिथेच लक्षात आलं. त्यांनी सायकल उघडली, कडी दाबली, धाग्याच्या वेढ्यांमुळे ती बसेना. पूजेचा धागा आपण तोडत नाही, तो आपोआप गळून पडू देतो. त्यांनी तो तसाच ठेवला आणि बसेल तेवढी बसली असं म्हणून निघाले. मला विचारलं असतं तर मी ऑटोनं नेलं असतं. म्हणूनच विचारलं नाही.

कपडे गच्चीवर टाकून मी खाली आले. बायकांना म्हटलं, बसा, आलेच. कोपऱ्यावर एक ऑटो उभा होता. ऑटोवाला ओळखीचा, त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेलेल्या. ऑटोला झेंडूचं तोरण आणि समोर नारळ.

"या मॅडम. पूजेनंतरची बोहनी तुमचीच."

"काका सायकलवर पुढे गेलेत. त्यांच्या मागे चला. जवळ जायचं नाही आणि हॉर्न वाजवायचा नाही."

"हॉर्न नाही वाजवाचा?" त्यानं वळून बघितलं. "दसऱ्याच्या दिवशी? मॅडम, ब्रेक नसला तं भागते हो, हॉर्न लागते."

मी त्याला कडीचं सांगितलं. मग त्याचं हसणं थांबलं.

मारुतीच्या मंदिरापाशी ते दिसले. रस्त्याच्या डाव्या कडेनं, पाठ ताठ, सावकाश. रस्ता गाड्यांनी भरलेला. धुतलेले ट्रॅक्टर, फुगे लावलेल्या मोटारसायकली, नव्या कपड्यांतली पोरंसोरं. प्रत्येक खड्ड्यात कडी हलत होती. एवढ्या लांबून ती मला दिसणं शक्य नव्हतं, पण मला दिसत होती.

"पुढं घालून आडवी लावतो ना," ऑटोवाला म्हणाला.

"नको. एकदम ब्रेक दाबतील. सगळा भार बिजागरीवर येईल."

"मंग हात दाखवू का बाजूनं?"

"नको. बघतील आणि वळतील."

"मंग करायचं काय मॅडम, वरात काढून राह्यलो का आपन त्याहीची?"

मला हसू आलं नाही. माझा सगळा हिशेब पुढच्या रेल्वे फाटकावर चालला होता. फाटक बंद असेल तर ते थांबतील. उघडं असेल तर रूळ ओलांडतील. तिथे चार रूळ, मधले दगड उखडलेले, आणि धक्के असे की मोठ्या सायकलचीही हाडं खिळखिळी व्हावीत. बरं, उतरून चालत जा म्हणावं, तर चालताना त्यांचे पाय रुळांच्या मधेच चिकटले असते. सायकलवर बसून जाणं आज धोक्याचं आणि उतरून जाणं त्याहून धोक्याचं. आयुष्यभर त्या फाटकाला मी शिव्या मोजल्या आहेत, शाळेला उशीर व्हायचा म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा ते बंद असावं म्हणून हात जोडले.

वळणावरून दिसलं तर फाटक उघडं होतं.

ते फाटकापासून दोन-तीन दुकानं अलीकडे असताना घंटी सुरू झाली. फाटकाचा दांडा खाली यायला लागला. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत नाही. घंटी वाजली की लोक थांबत नाहीत, जोर करतात. चार मोटारसायकली दांड्याखालून वाकून गेल्या. आजोबांच्या पायांनी क्षणभर वेग घेतलेला मी पाहिला. मी डोळे मिटले, आणि मिटून उपयोग नाही म्हणून लगेच उघडले. ते थांबले होते. डावा पाय दगडावर टेकून दांड्याच्या अगदी समोर.

आमच्या आणि त्यांच्या मधे एक ट्रॅक्टर होता, ट्रॉलीभर बायका घेऊन, आणि त्याच्या आजूबाजूला चिंचोळ्या फटींतून घुसलेली वाहनं. मी उतरले. ऑटोवालाही ऑटो तिथेच टाकून मागे आला. मी ट्रॅक्टरच्या बाजूनं पुढे जाऊन वळसा घातला आणि समोरून त्यांच्या नजरेत आले.

"काऊन वं? घर कोनाच्या भरोशावर टाकलं?"

"आधी हलू नका. कडी लागलेली नाही."

त्यांनी खाली पाहिलं. बसल्या जागेवरून त्यांना फक्त झेंडू दिसत असावा. "लागली असंन. दाबली होती मी."

"नाही लागली. उतरा."

"इथं?"

त्या एका शब्दात सगळं आलं. मागे ट्रॉली, दोन्ही बाजूंना गाड्या, सगळे रिकामे, सगळे बघत असलेले. उतरले तर पाय चिकटणार हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण ते बसलेले असताना कडी दाबली जात नव्हती, सगळं वजन बिजागरीवर होतं. मी हँडल धरलं. ते उतरले आणि जिथे उतरले तिथेच राहिले. उजवा हात जोरात थरथरायला लागला होता आणि त्यांनी सायकल धरलेली असल्यामुळे सगळी सायकलच थरथरत होती.

मी कडी दाबली. ती बसेना. वेढे बिजागरीच्या जबड्यात रुतून बसले होते. अर्धा धागा आत, अर्धा बाहेर.

"धागा तोडावा लागेल."

"पूजेचा हाय तो."

"मला माहीत आहे कशाचा आहे."

मी ऑटोवाल्याकडे वळले. "कात्री, पाना, काही आहे?"

त्याचा चेहरा पडला. "पेटी हाय मॅडम, पन घरी. पूजेत मांडली. आजच्या दिवस हत्याराले हात लावत नाही ना आपन." माझीही कात्री ओट्यावर हळद-कुंकू लावून बसलेली होती. त्या दिवशी अख्ख्या नांदुऱ्यात वापरायला मोकळी कात्री मिळाली नसती.

लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. गाडी गेली की फाटक उघडणार. मागची वाहनं आतापासूनच गुरगुरत होती.

मी पदर खोचून रस्त्यावर गुडघे टेकले आणि धाग्याला दात लावले.

"अवं, हे काय करते?" आजोबा वरून म्हणाले. "लोक पाहून राह्यले."

ट्रॉलीतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "काकू, सोडा काकाले, पळत नाहीत कुठं!" आणि सगळी ट्रॉली हसली. दुसरीनं तिला दटावलं. धाग्याला हळदीची चव होती आणि खाली साखळीच्या तेलाची. पहिला वेढा तुटला. दुसरा तुटेना. तेवढ्यात गाडी आली. एक्स्प्रेस होती, थांबणारी नव्हती. कानाशी तो धडधडाट, जमीन हलत होती, सायकल हलत होती, आणि माझे दात त्या दोऱ्यावर सटकत होते. गाडी गेली तेव्हा धाग्याचं टोक माझ्या तोंडात होतं. ऑटोवाल्यानं नखांनी आतला तुकडा ओढून काढला. मी कडी दाबली, खटका पाडला, अंगठा दाबून पाहिला. पुन्हा पाहिला.

दांडा वर जायला लागला आणि मागून हॉर्न सुरू झाले.

"काका, घ्या ना पुढं!"

"कोन अडकलं बे?"

आजोबांचे पाय हलत नव्हते. चेहऱ्यावर तो आठवण्याचा भाव आला होता. मोटारसायकली दोन्ही बाजूंनी त्यांना घासून जाऊ लागल्या. ऑटोवाला हात आडवे करून ट्रॅक्टरपुढे उभा राहिला. "थांब रे दोन मिनिट! तुह्या बाचं फाटक हाय का?"

मी म्हटलं, "सायकल मिटवून ऑटोत टाकू. तुमच्या मित्राच्या दारापर्यंत नेते. सोनं तुम्हीच द्या."

"नाही."

"काय बिघडलं ऑटोनं गेलं तर?"

"ऑटोनं गेलो तं तो इचारीन, तुहेही पाय गेले का म्हनून." ते माझ्याकडे बघत नव्हते, रुळांकडे बघत होते. "त्याचे गेले. माहे नाही गेले."

सायकलचं हँडल माझ्या हातात होतं. मी धरून ठेवल्याशिवाय त्यांना त्या गर्दीत बसता येणार नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर वादही झाला नसता. ते मुकाट्यानं ऑटोत बसले असते, आणि त्यानंतर सायकल विकायला तुमच्या आईला काही सांगावंही लागलं नसतं. दुसरीकडे ते चार रूळ. त्या दोन गोष्टी मनात तोलायला मला फुरसत नव्हती. हॉर्न वाजत होते. मी सायकल त्यांच्या बाजूला कलती केली, इतकी की दांडा जवळजवळ रस्त्याला लागला. त्यांनी त्या दांड्याकडे बघितलं. मग उजवा पाय उचलला आणि त्यावरून पलीकडे टाकला. बसले. मी सायकल सरळ केली.

"सोड," ते म्हणाले.

मी सोडली.

पहिल्या रुळावर पुढचं चाक आपटलं, पिशवी उडाली. मग मागचं. दुसरा रूळ. तिसऱ्याच्या आधी हँडल एकदा डावीकडे गेलं आणि परत आलं. मग त्यांच्या आणि माझ्या मधे ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली, बायका मला हात हलवत होत्या, आणि मला काही दिसेना. भोंगा मात्र ऐकू आला. पण त्या दिवशी तसे भोंगे फुगेवाल्यांकडेही होते.

मी पलीकडे जायला पाऊल टाकलं तोवर पुन्हा घंटी वाजायला लागली. या वेळी दांडा माझ्या पुढ्यात पडला. खाली वाकून जाणाऱ्यांना मी वर्गात नेहमी बोलत आले, आणि माझे गुडघेही वाकायच्या स्थितीत नव्हते. मालगाडी आली. डब्यामागून डबा, संपता संपेना. दोन डब्यांच्या मधून पलीकडचा रस्ता पापणी लवावी तसा दिसायचा आणि जायचा. मला एवढंच बघायचं होतं की तिथे गर्दी झाली आहे का. आपल्याकडे कोणी पडलं की आधी गर्दी जमते, मग मदत येते.

शेवटचा डबा गेला. पलीकडे रस्ता रिकामा होता. एक कुत्रं रूळ हुंगत होतं. आजोबा कुठेच दिसत नव्हते, म्हणजे पुढे गेले होते.

ऑटोवाला शेजारी येऊन उभा होता. "घेऊ का त्याहीच्या मागं?"

"नको," मी म्हटलं. "घरी घ्या."

ते बोलायला सोपं गेलं. घरी बसणं सोपं नव्हतं. शेजारच्या बायका अजून थांबल्या होत्या. कुणीतरी गच्चीवरचे कपडे आणून घड्या करून ठेवले होते, चुकीच्या. मी त्या मोडून पुन्हा घातल्या. सोनं द्यायला माणसं येत होती, मी पानं घेत होते, देत होते, आणि कान रस्त्याकडे होते. फोन समोर होता, तो उचलला नाही. दिवे लागल्यावर अंगणाच्या दाराची कडी वाजली. ते आले ते सायकल हातात धरून, तिच्या आधारानं, छोटी छोटी पावलं टाकत. गल्लीच्या तोंडाशीच उतरले होते, कारण मुलं फटाके उडवत होती. टोपीवर कुणीतरी गुलाल टाकलेला. मी ओवाळलं. ते म्हणाले, "चहा मांड. त्याच्या सुनेचा चहा म्हंजे नुसतं गरम पानी."

तुमच्या आईचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं, धाग्यापासून मालगाडीपर्यंत. झाकून ठेवून सायकल वाचवण्यात मला अर्थ वाटेना. उद्या पुन्हा काही झालं असतं तर तिनं माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवला नसता. तुमच्याकडे सकाळ होती. मागे तुमची डब्यांची गडबड ऐकू येत होती.

"तू त्यांना परत बसू दिलंस?"

"हो."

"त्या गर्दीत? रुळांवर?"

"हो."

मी मनातल्या मनात सायकल विकून टाकली होती. मग ती म्हणाली, "त्या कडीला दुसरं काही बसवता येतं का? म्हणजे नीट लागली नाही तर बाहेरून कळेल असं? इकडे काही सायकलींना लाल खूण असते, ती दिसत असली तर निघायचंच नाही. मापं पाठव. मी बघते." तिचा आवाज अजून रागावलेलाच होता.

आजोबांनी फोन मागितला. डाव्या हातानं धरला, कानाला लावला. व्हिडिओ असूनही ते कानालाच लावतात, म्हणून तिला त्यांचा कानच दिसत असणार.

"हाव, दे पाठवून कडी. लाल खून हिरवी खून, काय असंन ते. अन् हे आयक, तुह्या मायले सांग. फाटकापर्यंत आली ते ठीक झालं. पन रोज मागं मागं येऊ नको म्हनाव."

"मी इथेच बसले आहे," मी म्हटलं. "मला सांगा की."

"तुले सांगतलं तं तू आयकत नाही," ते म्हणाले. "म्हनून तिले सांगून राह्यलो."